सांभाराच्या जुड्या

पत्रकं वाचूनच मी वाढलो. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या मोहल्ल्यात वरचेवर एखादं पत्रक यायचं आणि ते मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असायचं. देवीपुढे डुक्कर कापायची जुनी रीत वस्तीनं तेव्हाच सोडली. एकोणिसाव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं: जो डुक्कर खाईल त्याच्या घरचं पाणी कुणी पिऊ नये. पाणी बंद करायची ही भाषा मी कुणाकडून शिकलो, हे तेव्हा मला कुणी विचारलं नाही.

त्याच हिवाळ्यात माझी मोठी बहीण म्हणाली, "डाव्या डोळ्यात काहीतरी हिंडून राह्यलं रे. बुडबुड्यावानी."

तिला आम्ही बाई म्हणायचो. नवरा वारल्यापासून ती आमच्याकडेच होती आणि नाल्याकाठच्या भाजीवाडीत कामाला जायची.

मी तिला बालाघाटच्याच एका डॉक्टरकडे नेलं. खोलीत अंधार करून त्यानं बारीक उजेडात बराच वेळ डोळा तपासला. आत किडा आहे, जिवंत आहे, हलताना दिसतोय, असं म्हणाला. डुकराच्या मांसातून येणाऱ्या लांब जंताचीच ती जात. नागपूरला जाऊन लगेच काढून घ्या म्हणून त्यानं चिठ्ठी लिहिली आणि मान वर न करता विचारलं, "तुम लोग सूअर खाना कब छोड़ोगे?"

चिठ्ठी मी त्याच्यासमोरच फाडली. आमच्यात कुणी खात नाही, असं सुनावलं आणि बाईचा हात धरून बाहेर पडलो. घर येईपर्यंत माझी छाती फुगलेली होती.

घरात शिरल्यावर मात्र संशय आला. कुठे लपून खाल्लंस का, असं मी तिला विचारलं.

"नाही खाल्लं. पण आता नागपूरले गेली त लोकं म्हणतीन, खाल्लंच असन. तुहं पत्रक घरोघरी हाये."

मी आग्रह केला नाही. मलाही लोक काय म्हणतील तेच दिसत होतं.

उन्हाळ्यात डोळा लालभडक झाला, ठणकू लागला. तेव्हा कुठे नागपूर गाठलं. तिथल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, किडा आत मेला आणि मरताना डोळा नासवून गेला. जिवंत असताना काढला असता तर आशा होती. डुक्कर खाल्ल्यानं जंत पोटात होतो. डोळ्यात जातात ती त्याची अंडी, आणि ती येतात जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. पाण्यातून, कच्च्या पाल्यातून. ही कच्चा पाला खाते का, असं त्यांनी विचारलं.

वारासिवनीच्या बाजारात पाठवायच्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या वाडीतल्या बाया नाल्यात धुवायच्या. धुता धुता एखादी काडी चघळायच्या. बाईही. नाल्याच्या वरच्या अंगाला अर्धा मोहल्ला लोटा घेऊन बसायचा. त्याच जुड्या मांसाला न शिवणाऱ्या घरांतही जायच्या आणि बारीक चिरून वरणावर पडायच्या.

परत आल्यावर मी दुसरं पत्रक लिहिलं: नाल्यात भाजी धुऊ नका, काठाला बसू नका. बाईला वाचून दाखवलं. तिनं उजवा डोळा माझ्याकडे करून ऐकलं.

"बरं लिवलं," ती म्हणाली. "चिठ्ठी कोनं फाडली, ते नाही लिवलं?"

"नाही."

"काहून?"

मी पत्रकाची घडी घातली. मोहल्ल्यात ते सगळ्यांना आवडलं.