इनासची घाई

कुवेतमधल्या आमच्या हवल्लीच्या बिल्डिंगच्या भिंती अशा, की शेजारणीने उसासा टाकला तर आपल्या चहावरची साय हलते. त्यामुळे मारियाबायला मी आधी ऐकलं, मग पाहिलं.

ती वसईची, वाडीवाल्याची मुलगी. चर्चमधले मास्तर पोरांना व्हायोलिन शिकवायचे. हिचे हात लांब, म्हणून हिला व्हायोला दिला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, अंगाने मोठी, आवाजाने जाड.

"व्हायोलिन म्हणजे नवरी, आपा," ती मला सांगायची, "आणि मी मागे उभी असलेली करवली. फोटोत असते, पण बघत कोणी नाही."

मी रत्नागिरीकडची, चार बुकं शिकलेली, पण हे मला लगेच कळलं. घरातल्या थोरल्या सुना असंच जगतात.

नवरा इनास, तोही वसईचाच. दोघं कुवेतला शाळेत संगीत शिकवायला आली. मी मुलाकडे राहायला आले तेव्हा दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलात चौघं वाजवायला बसत. इनास पहिलं व्हायोलिन, एक फिलिपिनो नर्स दुसरं, मारियाबाय व्हायोला, आणि एक आर्मेनियन म्हातारा ते भलंमोठं चेलो गुडघ्यांत धरून. अहमदीला तेल कंपनीच्या जुन्या लोकांपुढेही वाजवून आले. इनासची एकच खोड, घाई. टाळ्या आपल्यालाच आधी मिळाव्यात असा वाजवताना पुढे पळायचा. त्याला मागे ओढायचं काम मारियाबायचं. "संसारात दुसरं काय केलं मी?" म्हणायची.

पुढे नर्स मनिलाला परत गेली. म्हातारा वारला. आणि धुळीचं वादळ आलं त्या दिवशी इनास शाळेच्या जिन्यात बसला तो उठलाच नाही. मुलगा कॅनडात. तो म्हणाला, पपांना वसईला नेऊ. हिने इथंच पुरलं. "मी इथं, आणि तो एकटा तिकडे काय करेल?"

पुढच्याच गुरुवारी भिंतीपलीकडे वाजायला लागलं. थोडं वाजे, मग गप्प. पुन्हा वाजे, पुन्हा गप्प. मला वाटलं, बाई मध्येमध्ये रडतेय. सांदणं घेऊन गेले. बघते तर चार खुर्च्या मांडलेल्या, चार स्टँडांवर चौघांचे कागद, आणि ही एकटी. डोळे कोरडे. मी आपली जवळच्या खुर्चीत टेकायला गेले.

"तिथं नको, आपा!"

मी जमिनीवर बसले.

माझी नात जवेरिया तिची शाळेतली शिष्या. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. "दादी, शी इज काउंटिंग. बाकीचे वाजवतात तेवढा वेळ ती थांबते."

"पण बाकीचे आहेत कुठे?"

"एक्झॅक्टली," म्हणाली पोरगी.

आमच्यात गुरुवारी मगरिबच्या नमाजानंतर फातिहा देतात. ऊद जाळायचा, पाण्याचा पेला ठेवायचा, गेलेल्याच्या आवडीचं शिजवायचं, त्याचं नाव घेऊन कुराणातलं पढायचं. त्या संध्याकाळी रूहा घरी येतात म्हणतात. आमचे हे, जवेरियाचे आजोबा, गेल्यापासून मी एक गुरुवार चुकवलेला नाही. मग मला त्या खुर्च्यांचं कसलं नवल? भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ती, काम एकच.

भीती वाटली ती नंतर. एकदा आम्ही दोघी तिच्याकडे ऐकत बसलो होतो. जवेरियाच्या मांडीवर कागद. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दादी, मिस लवकर सुरू करतात. अजून थांबायला हवं होतं." पुढच्या गुरुवारी त्याहून लवकर. जन्मभर दुसऱ्यांचा ताल सांभाळणारी बाई!

मी विचारलंच. ती गजाला राळ घासत होती.

"मी कुठे चुकतेय, आपा? इनास पळतोय. मला आता ओढून धरवत नाही."

एसी बंद होता, खिडकी बंद होती. पहिल्या स्टँडवरचा कागद हलला. मी मनात येईल ती दुआ पढले.

मग शाळेने तिला पुढे ठेवलं नाही. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपत आला. मुलाने कॅनडाचं तिकीट पाठवलं. सगळं सामान गेलं, चार खुर्च्या राहिल्या.

"मी गेले आणि तो आला तर? दार बंद, आत कोणी नाही."

"कॅनडाला बोलव त्याला."

"त्याला थंडी सोसत नाही हो."

दोघी हसलो. मग हसू कुठे गेलं कळलं नाही.

शेवटच्या गुरुवारी ती माझ्या दारात उभी. "आपा, तुमच्या फातिहात इनासचं नाव घेतलं तर चालेल?"

"मी मौलवींना विचारत नाही, तू फादरना विचारू नकोस," मी म्हटलं. "त्याला आवडायचं काय ते सांग."

"तळलेले बोंबील. आणि टाळ्या."

ती गेली. पलीकडे आता इजिप्तचं एक मिसरी कुटुंब राहतं, टीव्ही मोठ्याने लावतात. गुरुवारी मी बोंबील तळते, ऊद जाळते, दोन पेले ठेवते, दोन नावं घेते. टाळ्या तेवढ्या वाजवत नाही. या वयात सुनेसमोर शोभेल का?

परवा जवेरिया म्हणाली, "दादी, हल्ली तू किती फास्ट पढतेस!"

मी नाही गो. लहानपणी शिकवली त्याच चालीने सुरू करते. पण मध्येच कोणी पुढे निघतं, आणि मला ओढून धरवत नाही.