खुडूक कोंबडीखालची काळी अंडी

मे महिन्यात मी सोनईला आत्याकडे राहायला गेले, तेव्हा तिची तांबडी कोंबडी खुडूक होऊन टोपलीत बसलेली होती. पोटाखाली सहा मोठी अंडी, चिखलात घोळून वर भाताचं तूस चिकटवलेली. बोटीवर नोकरी करणाऱ्या काकाने ती चीनहून आणली होती. "आक्का, बदकाची हायेत. नीट ठेव, मी आल्यावर बघू," एवढंच सांगून तो घाईत पुढे गेला होता. उबवायची अंडी कुणाला द्यायची तर आत्याही भुशातच भरून द्यायची. त्यामुळे तिला शंका आलीच नाही.

"चीनची बदकं निघत्याल आता," ती शेजारणींना सांगायची.

दिवस भरून गेले तरी एकाही अंड्याला टोच पडेना. शेवटी एका सकाळी आत्याने माझ्यासमोर एक फोडलं. आत पांढरं काही नव्हतंच. काळसर, काचेसारखं चमकणारं, थरथरणारं काहीतरी, आणि मधोमध शेवाळी बलक. वास गोठ्यातल्या मुतासारखा. आत्याच्या हातातून ते खाली पडलं.

"करनी हाय ही," ती हळूच म्हणाली. "हात लावू नगंस."

असलं काही मानायचं नाही, हे मी शाळेत शिकले होते. तरी अंगणातून जाताना त्या तुकड्यांना लांबून वळसा घातला.

दुपारी काका आला. ऐकून पोट धरून हसला. "आक्का, चुन्यात-राखेत मुरवल्यात ती. लोनच्यावानी. खायची अस्त्यात!" त्याने टोपलीतलं एक अंडं काढून सोललं, ताटलीत फोडी केल्या, एक तोंडात टाकली आणि दुसरी माझ्यापुढे धरली. "घे. इंग्लिश मिडियमवाले भितात व्हय?"

मला कुणालाच नाही म्हणता येत नसे. फोड जिभेवर घसरली. आधी खारट, मग चुन्याची झणझण. न चावताच गिळली. हे अंडं इतके दिवस उन्हाळ्यात कोंबडीच्या उबेला होतं, हे त्यानंतर सुचलं. काका टॉवेल घेऊन विहिरीवर निघून गेला. आई नगरला, सावेडीत. मला काही झालं तर तिला कळणार कधी?

आत्या माझ्याकडेच बघत होती.

"काय व्हतंय का?"

"नाही."

"खरं सांग."

तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं.

तिने ताटलीकडे पाहिलं, डोळे घट्ट मिटले आणि एक फोड उचलली.

"आत्या, नको!"

"गप. तुला एकटीला सोडून तुज्या आईला काय तोंड दावू?"

तिचं तोंड वाकडं झालं, पण तिने गिळली.

मग आम्ही दोघी ओट्यावर भिंतीला टेकून बसलो, एकमेकींचे चेहरे न्याहाळत. उरलेल्या अंड्यांवर कोंबडी पुन्हा अंग पसरून बसली होती. आत्याने माझा हात धरला. तिचाही गार पडला होता.