टाळ्यांच्या जागी

भूतखेत मी मानत नाही. मानायला फुरसतच नाही. साउंडवाला माणूस मी. मालवणात बसून देवगडात आंबा पडलेला मला ऐकू येतो. तेव्हा 'भास झाला असेल' असं म्हणणाऱ्यांनी आधीच वाट धरावी.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वाडीच्या सभागृहात, मालवणपासून नऊ किलोमीटरवर, एका नावाजलेल्या पियानोवादक बाईंचा कार्यक्रम झाला. सकाळी दहाला, लख्ख उन्हात. बाई मूळच्या इथल्याच. बोटं आखडत चाललेली, म्हणून हा शेवटचा. पियानो वैभववाडीच्या वरच्या घाटातून टेंपोने उतरवला... उचलायला सोळा माणसं, त्यातली चार अजून वाकडी चालतात. रेकॉर्डिंग माझ्याकडे. "एकदाच वाजवणार आहे, सांभाळा," बाई म्हणाल्या.

आता, आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय कार्य सुरू होत नाही. नारळ ठेवून एकजण देवाकडे मागतो, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मागणारा कोण? माझा चुलतभाऊ नाना. कुंपणावरून सहा वर्षं आमचं बोलणं बंद. हा माझ्याकडे रोखून बघत म्हणतो, "बा देवा म्हाराजा, जो कोण ह्या कार्यात वाकडो चलात, तेका आमच्यात सामील करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," तीनशे जण ओरडले. मी नाही. हेडफोन लावून, तोंडात सुपारी धरून गप्प. लोकांनी असं बघितलं, जसं काही मी देवाचा नारळ चोरला.

घरी येऊन पहिलं काम — नानाचं गाऱ्हाणं कापलं. मूळ फाइलही उडवली, म्हटलं याचा आवाज शिल्लकच नको. मग ऐकायला बसलो. पियानो स्वच्छ, विहिरीच्या पाण्यासारखा. पहिली रचना संपली. आता टाळ्या...

'व्हय म्हाराजा.'

दुसरी संपली, तेच. सहाही रचना, तेच. टाळी एक नाही. लॅपटॉप बदलला, स्पीकर बदलले. शेवटी बायकोला बोलावलं. तिने ऐकलं आणि माझ्यापासून जरा लांब सरकली.

"ह्यात तुमचो आवाज सगळ्यांच्या वर आसा," ती म्हणाली.

फाइल घेऊन बाईंच्या घरी गेलो. त्यांनी दोन रचना ऐकल्या आणि इअरफोन काढून ठेवले. "लोक उभे राहिले होते हो. टाळ्या माझ्या कानांत आहेत अजून. ह्यात कुठे आहेत?" मी आवाज वाढवून इअरफोन परत पुढे केले. "ठेवा तुमच्याकडेच," म्हणाल्या आणि दार लावलं.

त्याच दुपारी सहा वर्षांनी कुंपण ओलांडलं.

"नाना, परत एकदा गाऱ्हाणा घाल. बाईंच्यो टाळयो परत मागान घे."

नाना सोलत असलेला नारळ सोलत राहिला. "आवाज कोणाचो मोठो आसा थंय?"

"माझो."

"मगे माका कित्याक इचारतंस? तूच व्हय म्हटलंस."

मी म्हटलं नव्हतं. सुपारी होती तोंडात, शपथेवर सांगतो. पण ती फाइल रोज लावतो, आणि रोज ते तीनशे जण माझ्या मागूनच ओरडतात.