अतिशयोक्तीचं उदाहरण

कोल्हापुरात कुणाचा तरी जीव घ्यायचं रोज सकाळीच ठरतं आणि संध्याकाळी सगळे धडधाकट असतात. दूधवाला उशिरा आला की त्याचं तंगडं मोडून हातात द्यायचं असतं, रिक्षा आडवी आली की मुंडकंच मुरगाळायचं असतं. माझे वडील तर टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्यालासुद्धा उभा सोलायचे. प्रत्यक्षात त्यांनी आयुष्यात कुणाला चापट मारली नाही.

म्हणूनच बी.ए.च्या शेवटच्या वर्षी अलंकार शिकवताना आमच्या सरांनी पुस्तक मिटलं. तेही इथलेच. म्हणाले, "अतिशयोक्तीला पुस्तक कशाला लागतंय? काल घरात काय ऐकलं ते सांगा की!" झालं, वर्गात नुसती कत्तल सुरू झाली. कुणाच्या बरगड्या, कुणाचं कातडं, हसून हसून आमची पोटं दुखली. मग सरांनी माझ्या शेजारच्या मैत्रिणीला उठवलं. ती गडमुडशिंगीहून यायची, फार बोलायची नाही.

"पेपरला गेलीस तर हात मोडतो. भाऊ म्हणाला," ती म्हणाली.

"वा! झकास!" सरांनी ते फळ्यावर लिहूनही काढलं. वर्ग पुन्हा हसला.

ती खाली बसल्यावर मी हळूच विचारलं, "वरडून म्हणाला का?"

"न्हाय. जेवताना म्हणाला. आमटी वाढून घेत."

आमच्याकडं वरडणारा माणूस मारत नाही, शांतपणे बोलणाऱ्याला भ्यायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सर कोल्हापूरचे असून त्यांना कळू नये? पण त्यांनी फक्त शब्द ऐकले, सूर ऐकला नाही. तिचं लग्न शिरोळला ठरलं होतं. मुलगा बारावी नापास, त्याच्या घरच्यांना पदवीवाली सून नको होती. पोरगी परीक्षेला बसणार नाही, असा शब्द भावानं परस्पर देऊन टाकला होता. आणि तिला तर पुढं एम.ए. करायचं होतं. मी म्हटलं, परीक्षा होईपर्यंत आमच्या घरी राहा. ती म्हणाली, "सख्खा भाऊ हाय गं. करून करून काय करंल?"

पहिलाच पेपर अलंकारांचा होता, दुपारचा. मी कॉलेजसमोरच्या बसस्टॉपवर तिची वाट बघत होते. ती बसमधून उतरली आणि कडेला मोटरसायकल लावून उभा असलेला भाऊ पुढं आला. त्यानं तिचा उजवा हात धरला, स्टॉपच्या लोखंडी कठड्यावर आडवा ठेवला आणि वरून गुडघा दाबला. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. तुराटी मोडावी तसा आवाज आला, मग तिची किंकाळी.

माझं डोकंच फिरलं. हातातली पाण्याची स्टीलची बाटली मी त्याच्या तोंडावर हाणली. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं माझ्या पोटात लाथ घातली. मी पडले, पण पडल्या पडल्या त्याची पोटरी धरली आणि कडकडून चावले. तोंडात मातीची आणि रक्ताची चव आली. भोवती माणसं जमली होती. त्यातला एक दुसऱ्याला सांगत होता, "भावाबहिणीचं हाय पावणं, मधी पडू नकासा."

"आरं मुडद्यांनो, हात मोडलाय तिचा!" मी बोंबलले.

तेव्हा कुठं दोघांनी त्याला ओढलं. त्यानं बाहीनं रक्त पुसलं, मोटरसायकलला किक मारली आणि निघून गेला. त्याचं काम झालं होतं.

सरकारी दवाखान्यात प्लास्टर चढत होतं तोवर कुणीतरी कळवल्यामुळं तिची आई धावत आली. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? आईनं सांगून टाकलं, "जिन्यावरनं पडली, सायेब." खरं कारण दडवून भलतंच पुढं करायचं, याला व्याजोक्ती म्हणतात, त्याच दुपारच्या पेपरासाठी मी ती पाठ केली होती. पुस्तकात ती फार गोड वाटते. इथं मला त्या बाईला गदागदा हलवावंसं वाटत होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मैत्रिणीनं डाव्या हातानं मला मागं सारलं.

"पडले न्हाय," ती डॉक्टरांना म्हणाली. "माझ्या भावानं मोडला. पोलिसात द्यायचं हाय. लिवा."

आईच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. "लगीन मोडंल की गं."

"मोडू दे."

"मग घरला येऊ नगंस."

मैत्रीण खाटेवरून उतरली, चपला शोधल्या, आणि मला म्हणाली, "रिक्षा बघ, तुमच्याकडं जाऊया. आजचा पेपर गेला, बाकीचे डाव्या हातानं लिवते."