चुलीशेजारच्या अळ्या

माझ्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. शहाद्याला यांचा दवाखाना होता, आणि माझ्या चुलीशेजारी अळ्यांचा.

प्रकाशा गावाकडचा एक शेतकरी पाय दाखवायला आला होता. पाय सुजलेला, जागोजागी भोकं पडलेली, त्यांतून काळे दाणे बाहेर येत. हे म्हणाले, ही बुरशी आहे, मातीतून काट्यावाटे आत गेलेली. त्यांतला एक दाणा यांनी उकडलेल्या बटाट्यावर वाढवला. औषध कोणतं लागू पडेल, हे माणसावर कसं पाहायचं? म्हणून सातपुड्यातून मध आणणाऱ्याकडून जुनी पोळी घेतली. त्यांत मेण खाणाऱ्या पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या होत्या. त्यांना सुईने बुरशी टोचायची आणि अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवायचं. घरात तशी ऊब फक्त चुलीजवळ.

पाहुण्यांना गुळाचा चहा, अळ्यांना मध आणि कोंडा. शेजारणी समजल्या, मी रेशीम काढते. मी त्यांचा समज मोडला नाही.

मध्ये मला हिवताप आला. दुपारी हे दारातूनच, चुलीकडे पाहत, विचारते झाले, "आज कसं काय?"

"ताप उतरलाय," मी म्हणाले.

"कोणाचा?"

मी कूस बदलली.

बुरशी टोचलेल्या अळ्या काळ्या पडून मेल्या. नुसतं उकळलेलं पाणी टोचलेल्या मजेत राहिल्या. मग यांनी बुरशी टोचलेल्या नव्या अळ्यांना आयोडीनचं एक औषध देऊन पाहिलं, तर त्यांतल्या बऱ्याच जगल्या. त्या दिवशी हे दोन घास जास्त जेवले. शेतकऱ्याला बोलावून अळ्यांचा डबाच दाखवला. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला.

"आळी वाचनी, डाक्टरसाहेब," तो म्हणाला. "आते मन्हा पायनं काय?"

तेच औषध त्याला सुरू केलं. त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं, अंगावर पुरळ आलं, जेवण सुटलं. पाय मात्र सुजतच गेला. शेवटी धुळ्याला नेऊन घोट्यावरून कापावा लागला. वाचलेल्या अळ्यांचे एव्हाना पतंग होऊन घरभर उडत होते. यांनी एकही मारू दिला नाही.

पावसाळा सरल्यावर तो शेतकरी बैलगाडीतून आला. गावच्या सुताराने बाभळीचा पाय करून दिला होता, तो दाखवायला. रागाचं एक अक्षर नाही. म्हणाला, नांगर धरवत नाही, पण गाडी हाकता येते. यांनी त्याचा दुसरा पाय मांडीवर घेऊन बोटाबोटातून तपासला आणि बजावलं, शेतात अनवाणी जायचं नाही.

त्याने सांगितलं, जोडा घेतलाय. मोची एकच द्यायला तयार होईना, म्हणून दोन्ही घ्यावे लागले.

मी हसले. यांनी पाय खाली ठेवला आणि हात धुवायला आत गेले.