ब्लॅकटाउनच्या प्लॅटफॉर्म-मावशी

मावशी ट्रेनच्या दाराकडे कधी धावल्या नाहीत. दारच त्यांच्यासमोर येऊन उघडायचं. ब्लॅकटाउन स्टेशनवर बाकापासून सात पावलं मोजून त्या उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "हं, उघड." की उघडलंच! मागे आम्ही पाच-सहा मराठी पोरं रांगेत. आता त्या पर्थला लेकीकडे असतात आणि आम्ही दारांमागे धावतो.

पॅरामॅटाच्या एका कॅन्टीनमध्ये त्या दिवसभर सँडविचं करायच्या, म्हणून थालीपिठं खाऊ घालायची हौस गाडी बदलायच्या चार मिनिटांत आमच्यावर भागवायच्या. शिट्टीवाल्या गोऱ्या गार्डलाही सुटका नव्हती. "नो वरीज, आंटी," म्हणत तो भरल्या तोंडाने शिट्टी वाजवायला बघायचा.

आठ महिने गोदामात खोकी उचलल्यावर मला एकदाचं ग्रॅनव्हिलहून इंजिनीअरच्या इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. त्या सकाळी ट्रेन समोर उभी, आणि मावशींनी माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली.

"मावशी, दार लागतंय!"

"लागू दे. आधी गीळ. ही दर स्टेशनावर रेंगाळते, पलीकडची सुसाट जाते."

चिकट हाताने जिना चढलो, उतरलो, पलीकडची पकडली. पॅरामॅटा आलं तरी मावशी उतरेनात. "तुला दारापर्यंत सोडते, मग शिफ्टला जाते." पाठोपाठ ग्रॅनव्हिल आलं आणि खिडकीबाहेरून सुसाट गेलंही. मावशींचं सगळं ज्ञान पॅरामॅटापर्यंतचं होतं. पुढे त्या कधी गेल्याच नव्हत्या!

"अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

पुढे गाडी थांबली तिथे उतरून टॅक्सीने उलटे आलो, वीस मिनिटं उशिरा. माझ्याआधी मावशी आत शिरल्या. "हिज फॉल्ट नो. माय ट्रेन, माय दही." इंटरव्ह्यू घेणारी बाई इतकी हसली की माझी भीतीच पळाली.

पण दुसऱ्या दिवसापासून मावशींनी पावलं मोजणं सोडलं. कुणी काही विचारलं तर, "बोर्डावर बघ रे." त्यांचं ते कुठेही उभं राहणं मला बघवेना.

आठवड्याने नोकरीचा फोन आला. संध्याकाळी भर प्लॅटफॉर्मवर मी ओरडलो, "मावशी, घेतलं मला!"

"म्हणजे माझ्यामुळे नोकरी गेली नाही ना? खरं सांग."

"नाही हो! त्या इंटरव्ह्यूवाल्या बाई तुमच्या दह्याची चौकशी करत होत्या."

"आईला सांगितलंस?"

"आधी तुम्हाला."

त्यांनी डोळे पुसले, मी आईला फोन लावताच तो ओढून घेतला आणि कधीही न पाहिलेल्या माझ्या पुण्याच्या आईला म्हणाल्या, "ताई, पोरगं पोचलं हो. जरा उशिरा, पण पोचलं."