पन्हळ

त्या सकाळी दाराला आतून कडी होती, तेच आधी तिला खटकलं. पुढच्या खोलीत नवऱ्याचं लाकडावरचं कोरकाम चालायचं, त्यामुळे दार उजाडल्यापासून सताड उघडं असायचं.

"अहो, कडी कशाला? भाऊजी यायची वेळ झाली," चहा गाळता गाळता ती म्हणाली.

तो कोरायची पटाशी पुसत राहिला. एरवीही तो मोजकंच बोलायचा. एका अक्षराला दिवस लावतो म्हणून गल्लीने त्याचं नाव हळूराव ठेवलेलं. हळूरावाचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत, औषधाला केस नाही. लग्नात तिला वाटलं, भाजलंबिजलं असावं. मग कळलं, पटाशीची धार तो तिथले केस भादरून बघतो.

दारावर थाप पडली. मग लाथ.

"दादा, झोपलास की मेलास?"

तिनेच कडी काढली. धाकटा दीर हसत आत आला. "वहिनी, चहात साखर जरा सढळ हाताने. तुमच्या नवऱ्याच्या गोडव्यावर भागत नाही आमचं." बोलता बोलता तो बादलीशी वाकलाही.

बादलीत निसणा भिजत असे. सासऱ्यांच्या वेळचा, डोंगरातून काढलेला, धार लावायचा मऊ पोताचा दगड. भावाभावांत तो एकच, आणि त्याच्यावर दोन घरं चालायची. सासऱ्यांनी गोल पटाश्या पाजवून पाजवून त्याच्या मधोमध पन्हळ पडली होती. धाकटा वेलबुट्टी कोरायचा. त्याच्या गोल पटाश्या त्या पन्हळीत बाळाची टाच मुठीत बसावी तशा बसायच्या. अक्षरं कोरणाऱ्या थोरल्याच्या पटाश्या सरळ. त्यांचे कोपरे तीच पन्हळ खाऊन टाकायची.

धाकट्याने दगड उचलून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. हसू मावळलं.

"पन्हळ कुठाय?"

"काल घासली. सपाट केला."

"मला विचारलंस?"

"हो म्हणाला असतास?"

"अरे, बाबांचा हात होता त्यात! हात!"

त्याने दगड फरशीवर आपटला, पटाशीवर ठोकायची मोगरी उचलली आणि दाणकन हाणली. दगडाचे दोन तुकडे झाले.

एका अक्षराला दिवस लावणारा माणूस क्षणात उठला. भावाचे केस धरून त्याने त्याचं तोंड कामाच्या फळीवर आदळलं. ढलप्यांत दात पडला. पुन्हा आदळलं.

"अहो, सोडा! मरतील ते!"

त्याला ऐकूच येत नव्हतं. तिसऱ्यांदा आदळताना धाकट्याचा हात फळीवर चाचपडला, हाताला लागलं ते त्याने उचललं आणि वर खुपसलं. थोरल्याने पहाटेच सपाट दगडावर लावलेली सरळ पटाशी होती ती. थोरल्याच्या डाव्या तळव्यातून आरपार गेली. धार इतकी चोख की आधी रक्तच आलं नाही. मग आलं, ते थांबेना. बादलीतलं दगडाचं दुधाळ पाणी लाल झालं.

तिने चहाचं भांडं दिराच्या पाठीत घातलं आणि स्वतःच्या पदराने नवऱ्याचा हात आवळला.

दवाखान्यात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं आता वळणार नाहीत. पटाशी धरता येईल, पण दोन्ही हातांनी दाबून दगडावर चालवता येणार नाही.

धाकटा बाहेर बाकावर, तोंडाला रक्ताळलेला रुमाल लावून बसला होता. तिचं डोकं भडकलं. "पुन्हा दारात दिसलात तर तंगडं मोडीन! जन्माचा हात गेला त्यांचा!"

तो मान वर करेना. हळूराव सावकाश चालत गेला आणि त्याच्या शेजारी बसला.

"उठा तिथून," ती म्हणाली. "लाज नाही वाटत?"

तो उठला नाही. भावाकडे न बघता म्हणाला,

"उद्यापासून सकाळी येऊन त्या अर्ध्या दगडावर माझ्या पटाश्यांना धार लावून देत जा."